छातीच्या फोटोत न दिसलेला शेंगदाणा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर चहाचा कप बाजूला ठेवून शेवटपर्यंत वाचा. द्राक्षाचे भाव आणि कांद्याची निर्यात यावर आपण रोजच भांडतो, आज जरा वेगळा विषय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे निफाडकर सकाळी उठल्या उठल्या एकमेकांना विचारतात, ते दिवस. बागेत रात्री शेकोट्या पेटवायचं चाललेलं. दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तेव्हा दीड वर्षाचा. त्याला खोकला सुरू झाला. एवढी थंडी, त्यात शेकोटीचा धूर, म्हणून कारण शोधायला कोणी गेलंच नाही. औषध आणलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा खोकला. मग वाफ झाली, अँटिबायोटिक झालं. छातीचा फोटो काढला. "फोटो क्लिअर आहे, काळजी करू नका" असं ऐकून आम्ही सगळे निवांत झालो. नंतर बाळदमा असेल म्हणून पंपसुद्धा सुरू झाला. असे बावीस दिवस गेले.

बाविसाव्या दिवशी नाशिकला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी पाठीला दोन्हीकडून बराच वेळ स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे हवा कमी ऐकू येतेय, म्हणाल्या. आमच्या हातातली फोटोची पिशवी न उघडताच त्यांनी वहिनीला विचारलं, "ताई, हा खोकला सुरू व्हायच्या आधी बाळाला एकदम जोराचा ठसका लागला होता का? काही खाताना, खेळताना?"

वहिनी नाही म्हणाली. दादाही नाही म्हणाला. दोघंही दिवसभर बागेत असायचे, त्यांना कुठून माहीत असणार? आई मात्र खाली बघत होती. डॉक्टरबाईंच्या ते लक्षात आलं. त्या खुर्ची ओढून आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कोणी काही बोलणार नाही. फक्त झालं ते सांगा."

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती भाजलेल्या शेंगा फोडत बसली होती. नातवानं हात पुढे केला, तिनं दोन दाणे दिले. तो हसत पळाला आणि अडखळून पडला. जोराचा ठसका लागला, चेहरा लाल झाला, डोळे पांढरे केले. तिनं पाठीत थोपटलं. पाच मिनिटांत पोरगं पुन्हा खेळायला लागलं. सुटलो म्हणून तिनं देवाला हात जोडले आणि कोणालाच सांगितलं नाही. सुनेला काय वाटेल, मुलगा काय म्हणेल, हीच भीती.

डॉक्टर लोक या चौकशीला 'हिस्टरी' म्हणतात. मला इतिहासाची आवड आहे हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्या दिवसापासून हा शब्द डोक्यातून गेला नाही. मशीनला जे दिसलं नाही ते आईला बावीस दिवस माहीत होतं. मग मी वाचायला बसलो. लेकराच्या छातीत अडकलेली वस्तू माणसाला कधीपासून दिसायला लागली, कशी दिसायला लागली, आणि अजून का सुटते? त्यातून कळलं ते इथे मांडतोय.

सुरुवात आपल्या निफाडपासूनच करतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, आपल्या निफाडचा. त्यांच्या चरित्रात लहानपणीचा एक प्रसंग येतो. कुटुंब बैलगाडीनं कोल्हापूरकडे निघालेलं, रात्रीची वेळ, आणि चिमुकला महादेव गाडीतून खाली पडला. कोणाला पत्ताच नाही. मागून घोड्यावर काका येत होते, त्यांना त्यानं हाक मारली आणि त्यांनी त्याला उचललं. पोराला हाक मारता आली म्हणून महाराष्ट्राला न्यायमूर्ती मिळाले. श्वासनळीत काही अडकलेल्या लेकराला हीच हाक मारता येत नाही.

आता तोच काळ, पण इंग्लंडात. १८४३ चा एप्रिल. आपले रानडे तेव्हा सव्वा वर्षाचे. तिकडे ब्रुनेल नावाचा रेल्वे आणि जहाजं बांधणारा नामांकित इंजिनिअर आपल्या मुलांना नाणं गायब करायची जादू दाखवत होता. तोंडात धरलेलं सोन्याचं नाणं घसरून थेट श्वासनळीत गेलं. तेव्हा क्ष-किरण नव्हते. नाणं आत आहे हे कळलं ते त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून. अंग वाकवलं की ते हलल्यासारखं वाटतं, खोकला येतो, असं तो सांगू शकला. सर बेंजामिन ब्रॉडी या मोठ्या सर्जननं गळ्याला छेद देऊन चिमट्यानं काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी ब्रुनेलनं इंजिनिअरचं डोकं चालवलं. स्वतःला एका फळीला बांधून घेतलं आणि उलटं करायला लावलं. १३ मे रोजी नाणं बाहेर पडलं. जवळजवळ सहा आठवडे देशभरातले लोक बातमीची वाट बघत होते.

तो मोठा माणूस होता, बोलू शकत होता. दीड वर्षाचं पोर काय सांगणार? अशी किती लेकरं 'छातीत कफ झाला' म्हणून गेली असतील, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावात विल्हेल्म रोंटगेन यांना एक अनोळखी किरण सापडला. गणितात आपण अज्ञात संख्येला 'क्ष' म्हणतो, तसं त्यांनी त्याला 'एक्स' म्हटलं. म्हणून मराठीत क्ष-किरण. रोंटगेन यांनी पेटंट घेतलं नाही, शोध जगाला मोकळा करून दिला. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. किरण किती वेगानं पसरले बघा. १८९७-९८ च्या वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत इंग्रज सैन्याचे डॉक्टर बीव्हर क्ष-किरणांचं यंत्र डोंगरात घेऊन गेले आणि जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधू लागले.

गोळी दिसते, कारण ती धातूची. नाणं दिसतं, सेफ्टी पिन दिसते, खिळा दिसतो. क्ष-किरण धातूला अडतात आणि फोटोत पांढरी सावली पडते. त्यामुळे लोकांचा समज झाला की आता पोटातलं, छातीतलं सगळंच दिसणार. तो समज सव्वाशे वर्षांनंतर आमच्या घरातही होता.

दिसल्यावर काढायचं कसं, हा पुढचा प्रश्न. १८९७ मध्येच जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे गुस्ताव किलिअन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेलं डुकराच्या हाडाचं तुकडं तोंडावाटे नळी घालून बाहेर काढलं. छाती न फाडता. ब्रॉन्कोस्कोपीची सुरुवात ही अशी शेतकऱ्यापासून झाली.

यानंतर येतो जॅक्सन. नाशिककरांना जॅक्सन म्हटलं की १९०९ चा डिसेंबर, विजयानंद थिएटर आणि अनंत कान्हेरे आठवतात. हा जॅक्सन वेगळा. अमेरिकेतले डॉक्टर शेव्हेलिअर जॅक्सन, जन्म १८६५, मृत्यू १९५८. नळीच्या टोकाशी बारीक दिवा असलेली दुर्बीण आणि नाना तऱ्हेचे चिमटे त्यांनी तयार केले. लोकांच्या, त्यातही पोरांच्या घशातून आणि छातीतून काढलेली प्रत्येक वस्तू ते नोंद करून जपून ठेवायचे. पिना, बटणं, नाणी, हाडं, बिया, खेळण्यांचे तुकडे. अशा २,३७४ वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणांमध्ये मांडून ठेवल्या आहेत.

या जॅक्सनसाहेबांचा मोठा शत्रू कोण होता? शेंगदाणा. आपला, साधा शेंगदाणा.

शेंगदाणा क्ष-किरणांना अडवत नाही, म्हणून फोटोत दिसत नाही. वर तो आतल्या ओलीनं फुगतो, आणि त्याच्या तेलानं नळीचं नाजूक अस्तर सुजतं. पिनेपेक्षा दाण्यानं लेकरू जास्त लवकर आजारी पडतं, हे जॅक्सन यांनी बघितलं आणि या सुजेला शेंगदाण्याच्याच शास्त्रीय नावावरून वेगळं नाव दिलं. आपल्याकडे या यादीत हरभरा, फुटाणे, मक्याचा दाणा, सीताफळाची बी, चिंचोका आणि सुपारीचं खांड घाला. यातलं बहुतेक सगळं साध्या फोटोत अदृश्य.

मग न दिसणारी वस्तू ओळखायची कशी? इथे त्या काळच्या डॉक्टरांनी फार हुशारी केली. वस्तू दिसत नसेल तर तिनं आत काय उद्योग केलाय तो बघा. व्हिएन्नाचे गुइडो होल्त्सक्नेख्त यांनी चालत्या पडद्यावर बघून टिपलं की श्वासनलिका एका बाजूनं अडली असेल, तर छातीचा मधला भाग श्वासागणिक बाजूला सरकतो. फिलाडेल्फियात जॅक्सन यांच्या बरोबरीनं काम करणारे क्ष-किरणतज्ज्ञ विलिस मँजेस यांनी अदृश्य वस्तूंच्या अशा खुणांचा बारकाईनं अभ्यास केला.

ही खूण शेतकऱ्याला दोन वाक्यांत समजेल. विहिरीतल्या पाइपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना? पाणी वर येऊ देतो, परत खाली जाऊ देत नाही. नळीत अडकलेला दाणा तेच काम करतो. श्वास घेताना नळी थोडी रुंद होते, दाण्याच्या कडेनं हवा आत जाते. सोडताना नळी आवळते, दाणा गच्च बसतो, हवा आतच कोंडते. त्या बाजूचं फुप्फुस फुगलेलंच राहतं.

म्हणजे श्वास घेतलेला असताना फोटो काढला, तर दोन्ही फुप्फुसं भरलेली, सगळं छान, 'फोटो क्लिअर'. तोच फोटो श्वास सोडताना काढला, तर चांगली बाजू लहान होते, अडलेली बाजू तशीच काळी आणि फुगलेली राहते, आणि हृदय दुसऱ्या बाजूला ढकललेलं दिसतं. आमच्या पुतण्याचा पहिला फोटो खोटा नव्हता. तो चुकीच्या श्वासावर काढलेला होता, आणि कोणत्या श्वासावर काढायचा हे सांगण्यासाठी लागणारी माहिती आमच्याच घरात दाबून ठेवली होती.

दीड वर्षाच्या पोराला 'श्वास सोड आणि थांब' सांगून ते थांबतं का? नाही. म्हणून कधी रडण्याचा अंदाज घेऊन फोटो घेतात, कधी एका कुशीवर झोपवून घेतात. कुशीवर झोपवलं की खालचं फुप्फुस आपोआप दबायला हवं. नाही दबलं तर तिथे काहीतरी अडलंय. आणि वस्तूनं नळी पूर्णच बंद केली, तर उलटं होतं. पुढची हवा शोषली जाते, फुप्फुसाचा तो भाग मिटतो आणि फोटोत पांढरा दिसतो. तो न्यूमोनियासारखा वाटतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, हीसुद्धा धोक्याची खूण समजा.

या ज्ञानाची किंमत मोजलेली आहे. सुरुवातीला या किरणांचा धोका कोणाला ठाऊक नव्हता. होल्त्सक्नेख्त स्वतः किरणांमुळे झालेल्या कर्करोगानं १९३१ मध्ये गेले. १९३६ मध्ये जर्मनीत हँबर्गला अशा शहीदांचं स्मारक उभं राहिलं, त्यावर सुरुवातीलाच १६९ नावं कोरली होती. आपण तीनशे रुपयांत फोटो काढून पिशवी हलवत बाहेर पडतो, तेव्हा हे आठवावं.

पुढचं थोडक्यात. १९५४ मध्ये लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. हॉपकिन्स यांच्याच काचेच्या कांड्यांच्या भिंगांमुळे पुढे लहान मुलांच्या अरुंद नळीतही स्वच्छ दिसू लागलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. आज सीटी काही सेकंदांत होतो आणि साध्या फोटोत न दिसणारा दाणाही बहुतेक वेळा पकडतो. पण त्यात किरणांचा डोस जास्त, खर्च जास्त, आणि कधी पोराला झोपेचं औषध द्यावं लागतं. म्हणून ठसक्याची पक्की हिस्टरी असेल, तर फोटो चांगला असूनही डॉक्टर थेट दुर्बिणीनं बघायचं ठरवतात. पालकांना वाटतं, फोटो चांगला तर भूल कशाला देता? तेव्हा वाद घालू नका. ते बरोबर करत असतात.

आमच्याकडे तेच झालं. आईनं सांगितल्यावर दुसरा फोटो काढला, उजवी बाजू फुगलेली निघाली. त्याच रात्री भूल देऊन दुर्बीण घातली. अर्धा दाणा, फुगून मऊ झालेला. डॉक्टरांनी छोट्या डबीत घालून दाखवला. चौथ्या दिवशी पोरगं घरी. आता शाळेत जातं आणि घर डोक्यावर घेतं.

वाईट या गोष्टीचं वाटतं की पहिल्या बावीस दिवसांत आम्हाला कोणी 'ठसका लागला होता का' असं विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. मी कोणा डॉक्टरचं नाव घेणार नाही, घ्यायचंही नाही. ओपीडीत गर्दी किती असते ते मला दिसतं. पण या आजारात एक मधला शांत काळ असतो. ठसका थांबतो, लेकरू खेळायला लागतं, सगळे विसरतात, आणि दाणा आत बसून असतो. हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

आता आपल्या तालुक्याची गोष्ट. निफाड म्हणजे द्राक्ष. आपला माल युरोपात जातो. त्याच युरोपात, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या डॉक्टरांनी २०१६ च्या शेवटी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बसलं तर बुचासारखं गच्च बसतं. त्यांनी तीन मुलांच्या हकिकती दिल्या, त्यातली दोन मुलं दगावली. द्राक्षाच्या बाबतीत फोटो काढायलाही वेळ मिळत नाही. आपल्या पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या बायांची लेकरं क्रेटशेजारी बसून द्राक्ष खातात. माल पिकवणाऱ्या गावाला हे आधी कळायला पाहिजे ना?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे.

घरात: पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे नकोत. कूट करून द्या. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. खाताना पोरानं बसायचं, पळायचं नाही, आणि आपण त्याला हसवायचं नाही. रिमोटमधले, खेळण्यातले बटणसेल कुलपात. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही भाजायला सुरुवात होते. फोटोत तो नाण्यासारखाच दिसतो, फक्त कडेला दुहेरी कड असते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. यात्रेत खेळणं घेताना बघा.

ठसका लागला तर: पोर जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाजच निघत नसेल, श्वास येत नसेल, तर कोणाला तरी १०८ लावायला सांगा आणि लगेच सुरू करा. एक वर्षाच्या आतलं असेल तर डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. मोठं असेल तर पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर पोटावर पाच दाब. ही पोट दाबायची पद्धत डॉ. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून. लेकरू निपचित पडलं तर छाती दाबायला सुरुवात करायची. घशात आंधळेपणानं बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. आणि ठसका थांबला तरी डॉक्टरांना सांगायला जा.

गावात: अंगणवाडीच्या पालकसभेत हे एकदा करून दाखवायला काय लागतं? एक बाहुली आणि अर्धा तास. जॅक्सनसाहेबांनी अमेरिकेत कॉस्टिक सोड्यानं पोरांचे गळे जळताना बघितले, म्हणून डब्यावर धोक्याची सूचना छापायची सक्ती व्हावी यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. आपण निदान ग्रामसभेत विषय तर मांडू. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, लेकराच्या खोकल्याच्या केसपेपरवर 'ठसका लागला होता का?' हा एक रकाना छापून घेऊ. त्याला ना मशीन लागतं ना निधी.

शेवटचं, घरातल्या तरुण मंडळींना. सासूला, आईला, शेजारच्या मावशीला पोर सांभाळायला ठेवता ना? मग तिला आजच सांगून ठेवा, काही झालं तर न घाबरता सांग, आम्ही बोलणार नाही. माझ्या आईनं बावीस दिवस झोप घेतली नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर वहिनीनं तिच्या अंगावर शाल टाकली आणि शेजारी बसून राहिली. दोघी काही बोलल्या नाहीत.

ती डबी अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात आहे. आईनंच ठेवलीय.

आपल्या गावाच्या, भावकीच्या, अंगणवाडीच्या ग्रुपवर पाठवा. माझं नाव नसलं तरी चालेल.